मोकळ्या जमिनीची किंमत: मीरा-भाईंदरचा किनारा आणि इंजिन बंद पडलेले विमान

वाचकहो, दवाखान्याच्या, कोर्टकचेरीच्या किंवा लेकीच्या घरच्या कामाने तुमच्यापैकी पुष्कळांचे मुंबईला जाणे होते. काम उरकले की आपण गर्दीला कंटाळून लगोलग गावची गाडी पकडतो. पुढच्या खेपेस एक दिवस जादा हाताशी ठेवा आणि पश्चिम रेल्वेच्या विरार लोकलने भाईंदरला उतरा. दहिसर गेले की मुंबई महापालिकेची हद्द संपते आणि ठाणे जिल्हा लागतो. मग मीरा रोड, त्यानंतर भाईंदर. पुढे वसईची खाडी आडवी येते आणि गाडी लांबलचक पुलावरून नायगावकडे निघून जाते. पुलाच्या मध्यावर पाण्याने वेढलेले पाणजू बेट दिसते.

आज मीरा-भाईंदर म्हटले की उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. पण हा सगळा भाग मुळात आपल्यासारख्याच गावांचा. मिरे, काशी, घोडबंदर, नवघर, भाईंदर, राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन, पाली, चौक, तारोडी ही गावांची नावे अजूनही रस्त्यांच्या पाट्यांवर वाचायला मिळतात. ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ साली नगरपालिका झाली आणि २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत वस्ती आठ लाखांच्या वर गेली होती. दोन पिढ्यांपूर्वी जिथे भाताची खाचरे आणि मिठागरे होती, तिथे आज लिफ्टने वर जाणारी घरे आहेत.

तरीही भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली की अर्ध्या वाटेवर हवा पालटते. राई, मुर्धे, मोर्वा या गावांच्या बाजूला मिठागरे दिसतात. भरतीचे पाणी बांधाआड घ्यायचे, ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवून उन्हाने आटवायचे आणि शेवटच्या वाफ्यात मिठाचे खडे धरले की फळीने ओढून ढीग लावायचे, अशी ही शेती. आगरी मंडळींनी पिढ्यानपिढ्या ती केली. आपल्या शेतीला पाऊस हवा, त्यांच्या शेतीला पाऊस नको, एवढाच फरक. पुढे डोंगरीची चढण, नारळाची झाडे, भाजीपाल्याचे तुकडे, चर्चचे पांढरे कळस आणि मग उत्तनचे कोळीवाडे. पावसाळा संपल्यावर गेलात तर बांबूच्या मांडणीवर रांगेने टांगलेले बोंबील वाळताना दिसतील आणि त्यांचा वासही लांबूनच येईल. चौकला पोचलात की समोर खाडीपलीकडे वसईचा किल्ला. याच बाजूला धारावीचा किल्ला होता. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजांनी तो घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. त्यांचे स्मारकही इथे आहे.

आता या चौकच्या उंचवट्यावर उभे राहून मान वर करा. आजचा लेख त्या आभाळाविषयी आहे.

आभाळातली वाट

चौकपासून दक्षिणेला सरळ रेषेत वीसेक किलोमीटरवर जुहूचे विमानतळ आहे. नागरी विमानांसाठी आपल्या देशात उभे राहिलेले हे पहिले विमानतळ, १९२८ सालचे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे इथेच उतरले. त्यांचे ‘पस मॉथ’ विमान एका इंजिनाचे होते. ते इंजिन वाटेत बंद पडते तर दुसरे नव्हते. जुहूहून आता मुख्यतः हेलिकॉप्टरे उडतात आणि मोठी विमाने त्याच्या पलीकडे सांताक्रूझ-सहारच्या विमानतळावर चढतात-उतरतात. उत्तनच्या किनाऱ्यावर तासभर बसलात तर जाणारी-येणारी विमाने मोजता मोजता मुले थकतील.

मुले एक प्रश्न हटकून विचारतात, “इंजिन बंद पडले तर विमान खाली पडेल का?” मोठी माणसे बहुधा हसून विषय टाळतात. पण प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शेतकऱ्याला जितके नीट समजेल तितके शहरातल्या माणसाला समजणार नाही. कारण त्या उत्तरात इंजिन आहे, वारा आहे आणि जमीन आहे. ही तिन्ही आपल्या रोजच्या ओळखीची.

कडबनवाडीच्या रानात

यासाठी तुम्हाला भाईंदरहून थोडा वेळ पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला नेतो. हा कमी पावसाचा, माळरानाचा मुलूख. चिंकारा हरणांसाठी आणि गवताळ रानातल्या पाखरांसाठी कडबनवाडीचे माळ ओळखले जातात. २५ जुलै २०२२ रोजी, सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास इथल्या एका शेतात लहान विमान येऊन आदळले. बारामतीच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेचे ते ‘सेसना १५२’ जातीचे दोन आसनी विमान. आत बावीस वर्षांची एक प्रशिक्षणार्थी मुलगी एकटीच होती. शिकणाऱ्याने एकट्याने लांब पल्ल्याची फेरी मारून परत यायचे, असा शिक्षणाचा एक टप्पा असतो. ती फेरी चालू असताना इंजिनाची ताकद गेली, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. बारामतीची धावपट्टी अजून लांब होती. विमान शेतात उतरले आणि मोडले. आसपासची माणसे धावली, त्यांनी मुलीला मदत केली आणि दवाखान्यात पोचवले. तिला किरकोळ दुखापतींवर निभावले.

विमान मोडले, माणूस वाचला. विमानविद्येत याला चांगला निकाल म्हणतात. यंत्र पुन्हा विकत मिळते. त्या दिवशी खाली मोकळे रान होते आणि रानात धावून येणारी माणसे होती, या दोन गोष्टी आपण लक्षात ठेवू. लेखाचा पुढचा भाग त्यांच्यावरच आहे.

इंजिन का रुसते

सेसना १५२ चे इंजिन चार सिलिंडरचे, हवेने थंड होणारे, सुमारे ११० अश्वशक्तीचे. म्हणजे गावातल्या नेहमीच्या ट्रॅक्टरहून जास्त ताकदीचे. ते पेट्रोलवर चालते, मात्र आपल्या पंपावरच्या पेट्रोलवर नव्हे. विमानाचे पेट्रोल वेगळे असते आणि ओळखण्यासाठी त्यात निळा रंग घातलेला असतो. प्रत्येक सिलिंडरला दोन-दोन प्लग आणि ठिणगी देणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. एक बिघडला तरी दुसऱ्यावर इंजिन चालत राहावे, अशी ही तजवीज.

एवढी तजवीज असूनही ताकद का जाते? कारणे ऐकाल तर तुम्हाला आपल्या विहिरीवरचे इंजिन आठवेल.

पहिले कारण इंधन संपणे किंवा इंजिनापर्यंत न पोचणे. टाकीत किती आहे हे काट्यावर विसंबून न राहता, उडण्याआधी टाकीत कांडी बुडवून पाहण्याची शिस्त वैमानिकाला लावलेली असते.

दुसरे कारण इंधनात पाणी. रात्रीच्या गारव्यात अर्धवट भरलेल्या टाकीत दव धरते. पाणी जड, ते तळाला बसते. म्हणून उडण्यापूर्वी टाकीच्या तळाची कळ दाबून थोडे पेट्रोल काचेच्या भांड्यात काढतात आणि उजेडात धरून पाहतात. निळ्या पेट्रोलखाली पाण्याचा बिनरंगी थेंब वेगळा दिसतो. आपण डिझेल फिल्टरखालचा बोल्ट सैल करून पाणी काढतो, तीच गोष्ट.

तिसरे कारण ऐकून नवल वाटेल. भर उन्हाळी देशातही विमानाच्या कार्बोरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेते. माठ पाझरून पाणी गार होते, त्याच नियमाने. कार्बोरेटरच्या अरुंद घशात ही थंडी इतकी वाढते की बाहेर वीस-पंचवीस अंश उष्णता असली तरी दमट हवेतला ओलावा आत गोठतो आणि हवेची वाट चोंदते. इंजिन गुदमरते. त्यासाठी गरम हवा आत सोडण्याची एक कळ वैमानिकापुढे असते आणि ती वेळेवर ओढावी लागते.

याखेरीज झडप अडकणे, तेल गळणे, एखादी नळी निसटणे, पाखरू आदळणे ही कारणे आहेतच. कडबनवाडीच्या विमानाला यांपैकी काय झाले, याचा निवाडा इथे बसून करणे बरोबर नाही. तो तपासणाऱ्यांचा अधिकार. आपल्याला एवढेच घ्यायचे की पंपावर आपण ज्या चुका चालवून घेतो, त्या आभाळात चालत नाहीत. पंप बंद पडला तर पाटाचे पाणी थांबते. आभाळात थांबायला बांध नाही.

विमान दगडासारखे पडत नाही

मुलांच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे. घार पंख न हलवता कितीतरी वेळ तरंगते, तसे इंजिन बंद पडलेले विमानही तरंगत खाली येते. सेसना १५२ योग्य वेगात ठेवले, म्हणजे ताशी सुमारे ११० किलोमीटर, तर एक फूट खाली येताना ते साधारण नऊ फूट पुढे जाते. उतारावर पायडल न मारता सायकल जाते तसे.

आता हा हिशेब चौकच्या आभाळात मांडून पाहा. समजा असे विमान चौकवर दोन हजार फुटांवर आहे आणि इंजिन गेले. नऊ पट म्हणजे अठरा हजार फूट, म्हणजे साडेपाच किलोमीटर. जुहू वीस किलोमीटरवर. तिथे पोचायला सात हजारांहून अधिक फुटांची उंची हवी. म्हणजे जुहू विसरा. तीन मिनिटांच्या आसपास वेळ हाताशी आहे आणि साडेपाच किलोमीटरच्या आत जे काही आहे, त्यातच जागा शोधायची आहे. वारा समोरून असेल तर त्याहूनही कमी.

या तीन मिनिटांत वैमानिकाला शिकवलेला क्रम ठरलेला असतो. आधी वेग सांभाळ. मग जमीन निवड. मग वेळ उरला तर इंधन, मॅग्नेटो आणि गरम हवेची कळ तपासून इंजिन पुन्हा चालू होते का पाहा. मग रेडिओवर तीनदा ‘मेडे’ म्हणून संकट कळव. टेकण्याआधी इंधन बंद, वीज बंद आणि दार किंचित उघडे, म्हणजे सांगाडा वाकला तर दार अडकून बसणार नाही.

सगळ्यात घातक मोह कोणता? जमीन जवळ येताना दिसली की नाक वर ओढून आणखी थोडे पुढे जाण्याचा. तसे केले की वेग पडतो, पंखांवरची हवा सुटते आणि विमान खरेच दगडासारखे पडते. दुसरा मोह, नुकतेच चढलेले विमान वळवून धावपट्टीवर परत आणण्याचा. उंची कमी असताना त्या वळणात उंचीही जाते आणि वेगही जातो. म्हणून नुकत्याच उडालेल्या विमानाचे इंजिन गेले तर समोरच, थोडे डावे-उजवे पाहून, मिळेल त्या जागी उतरावे, असे शिकवतात. तुटलेले यंत्र परवडते, तुटलेला धीर परवडत नाही.

वैमानिक जमीन कशी वाचतो

शेत विकत घेताना तुम्ही काय पाहता? उतार, पाण्याची सोय, माती, रस्ता. संकटातला वैमानिक काय पाहतो ते आता बघा. तुमची आणि त्याची यादी पुष्कळ जुळते.

या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३३ फूट ४ इंच. म्हणजे एका गुंठ्याच्या बाजूएवढे. पक्क्या धावपट्टीवर पन्नास फुटांचा अडथळा ओलांडून उतरून थांबायला त्याला साधारण १,२०० फूट लागतात. म्हणजे एकापुढे एक छत्तीस गुंठे मांडावे तेवढी लांबी. एक एकराचा चौरस तुकडा धरला तर त्याची बाजू २०८ फूट, म्हणजे असे सहा तुकडे एका ओळीत हवेत आणि मध्ये उंच बांध, झाड, तार नको.

पहिली गोष्ट वारा. उतरताना वारा तोंडावर हवा, म्हणजे जमिनीवरचा वेग कमी होतो. वरून वारा कळतो तो चुलीच्या किंवा पाचट जाळल्याच्या धुरावरून, तळ्यावरच्या लाटांवरून, पिकाच्या डुलण्यावरून.

दुसरी गोष्ट जमिनीचा कस नव्हे, कठीणपणा. कापणी झालेले, सपाट, कोरडे रान सगळ्यांत चांगले. ओली काळी माती किंवा खोल नांगरट असेल तर पुढचे चाक रुतते आणि विमान पालथे होते. नांगरलेल्या शेतात उतरावेच लागले तर तासाच्या दिशेने उतरायचे, आडवे नाही. भाताच्या खाचरात पाणी आणि बांध दोन्ही धोक्याचे. उभा ऊस वरून हिरव्या गादीसारखा दिसतो, पण त्यात चाके अडकतात.

तिसरी गोष्ट तारा. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून खांबांची ओळ दिसली की त्यांच्यामध्ये तार आहेच असे धरायचे. उघडी विहीर, शेततळे, दगडी ताल हेही बऱ्याचदा अगदी खाली आल्यावरच दिसतात.

ही दृष्टी घेऊन चौकच्या उंचवट्यावरून मीरा-भाईंदर पुन्हा पाहा. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि झाडी. मध्ये इमारतींची गर्दी, रेल्वेच्या विजेच्या तारा, महामार्गावरची वाहने. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला खाडी. या दोहोंच्या काठाने तिवरांचे पट्टे आणि मिठागरे. लहान विमानाला उतरण्यासारखे जे काही उरले आहे, ते फक्त या कडेच्या पट्ट्यात. तेही सोपे नाही. मिठागरात बांध आहेत, चिखल आहे. तिवरांत झाडे आहेत. पण तिथे झोपलेली लेकरे नाहीत, शाळा नाही, बाजार नाही. पाण्यावर उतरणेही शक्य असते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पाखरांचा थवा आदळून दोन्ही इंजिने गेलेले मोठे प्रवासी विमान वैमानिकाने हडसन नदीत उतरवले. १५५ माणसे होती, सगळी वाचली. पाण्यावर टेकवणाऱ्या वैमानिकाचे कौतुक झालेच, पण काही मिनिटांत तिथे पोचलेल्या तरीवाल्यांचेही तितकेच मोल. अशी वेळ उत्तनसमोर आली तर पहिली मदत कोळ्यांच्या होड्यांचीच असेल, यात शंका नको.

मोकळी जागा नसते तेव्हा

२८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले लहान विमान मुंबईत घाटकोपरच्या दाट वस्तीत, बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीपाशी पडले. आतली चार माणसे आणि खालून वाटेने जाणारा एक माणूस, अशी पाच माणसे गेली. दुपारची जेवणाची वेळ होती म्हणून बांधकामावरचे मजूर बाजूला गेले होते, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. या अपघाताचे कारण इंजिन होते असे मी म्हणत नाही. सांगायचे ते हे की वर काहीही बिघडो, खाली जागा कशी आहे यावर पुढचे ठरते.

१२ जून २०२५ ची अहमदाबादची गोष्ट तर ताजी आहे. लंडनला निघालेले मोठे विमान उडून काही सेकंद झाले नाहीत तोच दोन्ही इंजिनांची ताकद गेली. इंधनाच्या दोन्ही कळा पाठोपाठ ‘बंद’ कडे गेल्याची नोंद प्राथमिक अहवालात आली. समोर मोकळे रान नव्हते, वैद्यकीय महाविद्यालयाचे वसतिगृह होते. विमानातल्या २४२ पैकी एकच प्रवासी वाचला आणि जमिनीवरची १९ माणसे गेली. ताटावर बसलेली शिकणारी मुले त्यात सापडली. इतक्या मोठ्या विमानाला, इतक्या कमी उंचीवर, माळ मिळाला असता तरी आतली माणसे वाचली असती असे छातीठोक म्हणता येत नाही. खालची मात्र वाचली असती.

तुमच्या शेतात उतरले तर

आपल्या राज्यात बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी वैमानिक शिकतात. त्यांची वाट तुमच्या शिवारावरून असू शकते. जुन्या शेतकऱ्यांना उसावर, कपाशीवर फवारणी करणारी विमाने आठवत असतील. ‘बसंत’ नावाचे खास शेतीचे विमान आपल्याच हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवले होते आणि १९७२ साली ते प्रथम उडाले. अशी फवारणी पिकाला घासून होते, तिथे इंजिन गेले तर मिनिटेही मिळत नाहीत, सेकंद मिळतात. आता फवारणीला ड्रोन आले आहेत. २०२३ साली केंद्र सरकारने बचत गटांतल्या महिलांसाठी ‘नमो ड्रोन दीदी’ योजना आणली. ड्रोनमध्ये माणूस नसतो, पण बॅटरी संपलेला, औषधाने भरलेला ड्रोन डोक्यावर पडला तर जीव जाऊ शकतो. म्हणून ड्रोन चालू असताना मुलांना आणि जनावरांना बांधाबाहेर ठेवा आणि बॅटरी शेवटापर्यंत ताणू नका.

विमान शेतात आलेच तर काय करायचे, ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पहिले, विडी, काडी, कंदील, चालू मोटारसायकल यांपैकी काहीही जवळ नेऊ नका. पेट्रोलची वाफ दिसत नाही.

दुसरे, पुढच्या पंख्याला हात लावू नका. बंद पडलेला पंखाही हाताने हलला की उसळू शकतो.

तिसरे, तारा तुटल्या असतील तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लांब राहा. वायरमनला लगेच कळवा.

चौथे, ११२ वर पोलिसांना आणि १०८ वर रुग्णवाहिकेला फोन करा. गावाचे नाव, गट नंबर आणि गाडी कुठल्या रस्त्याने येईल ते सांगा. एक माणूस फाट्यावर उभा करा.

पाचवे, आग किंवा धूर असेल तर माणसाला ताबडतोब बाहेर काढा. आग नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर त्याला विचारून, मानेला आधार देऊन काढा. ओढाताण करू नका. पाणी पाजण्याची घाई नको.

सहावे, विमानाचा एकही तुकडा उचलू नका, मुलांना खेळायला नेऊ देऊ नका. अपघातांच्या तपासासाठी केंद्र सरकारचा स्वतंत्र विभाग २०१२ पासून आहे. एखाद्या वाकलेल्या नळीवरून त्यांना कारण कळते आणि त्यातून पुढची माणसे वाचतात.

सातवे, पिकाचे नुकसान झाले असेल तर महसूल खात्याकडून पंचनामा करून घ्या, फोटो काढून ठेवा. संकटात सापडलेल्या माणसाला मदत आधी, पिकाचा हिशेब नंतर, हे तुम्हाला सांगायला नको.

पडीक म्हणून हिणवू नका

विस्तार कार्यात मी हजारदा ऐकलेला शब्द आहे, ‘पडीक’. गायरान पडीक, माळ पडीक, खाडीकाठ पडीक, मिठागर पडीक. ज्या जागेवर पीक नाही आणि इमारत नाही, ती वाया गेली असे आपण मानतो. कागदावर तिची किंमत शून्य लावतो आणि कुणी चार पैसे पुढे केले की विकून मोकळे होतो.

कडबनवाडीच्या आसपासचे माळ हरणांना, मेंढरांना आणि पाखरांना पोसतात. मीरा-भाईंदरचे मिठागर भरतीचे पाणी आत घेते. २६ जुलै २००५ च्या पावसात पाण्याला जागा नसली की काय होते, हे मुंबई परिसराने पाहिले. तिवरे किनारा धरून ठेवतात, माशांची अंडी-पिल्ले त्यांच्या मुळांत वाढतात आणि त्यावर उत्तनच्या कोळ्याची चूल पेटते. तिवरे तोडण्याला मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून बंदी घातली आणि २०१८ साली तर तिवरांचा नाश हा माणसाच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, असे ठरवले. या सगळ्या उपयोगांत आणखी एक उपयोग धरा. कधी काळी, एखाद्या सकाळी, कुणाच्या तरी लेकीचे इंजिन आभाळात बंद पडेल आणि तिला खाली एक मोकळा तुकडा लागेल.

असा प्रसंग शंभर वर्षांत एकदा येईल किंवा येणारही नाही. पण गावाची मोकळी जागा अशाच ‘कधीतरी’ साठी असते. पुराच्या वेळी जनावरे नेण्यासाठी, आगीच्या वेळी गंजी दूर ठेवण्यासाठी, यात्रेसाठी, खळ्यासाठी, मुलांच्या खेळासाठी आणि रात्री-अपरात्री आजाऱ्याला न्यायला हेलिकॉप्टर आले तर त्याला टेकायलाही. ग्रामसभेत गायरानाचा विषय निघाला की हे सगळे उपयोग मोजून मांडा. एक तुकडा अडथळ्याविना, तारेविना राखून ठेवा आणि गावच्या नकाशावर त्याची नोंद करून घ्या.

मीरा-भाईंदर पाहायला जाल तेव्हा घोडबंदरचा किल्ला पाहा, उत्तनची मासळी पाहा, चौकवरून मावळता सूर्य पाहा. जून-जुलैत गेलात तर होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या दिसतील, कारण तेव्हा मासेमारी बंद असते. परतताना बसच्या खिडकीतून मिठागरे आणि त्यांच्यापाठी उभ्या राहिलेल्या इमारती एकदा नजरेत धरा. दोन पिढ्यांपूर्वी तिथल्या गावकऱ्यांनाही वाटत असेल की एवढी जमीन आहे, ती कुठे संपते आहे? आपल्या गावात अजून मोजायला जमीन शिल्लक आहे. ती मोजून राखण्याचे काम याच पिढीचे.